कॅनीच्या पानाला घडी कुठे पडते

रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धावरच्या आमच्या स्ट्रॅटेजी गेमचं काम शेवटच्या टप्प्यात होतं, तेव्हा त्याच्या कॉन्सेप्ट आर्टचं पुस्तक काढायचं ठरलं आणि ते रचायचं काम माझ्याकडे आलं. कारण साधं होतं. सैनिकांची जवळपास सगळी चित्रं मी काढली होती आणि कुठली फाइल कुठे पडली आहे हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. टीम छोटी. शहरं आणि इमारती काढणारा एक चित्रकार, नकाशा आणि चिन्हं करणारी एक जण, माणसं-घोडे-हत्ती माझ्याकडे, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा आर्ट डायरेक्टर. अधूनमधून प्रश्नांना उत्तरं देणारे इतिहासाचे एक सल्लागार होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि त्यांच्या मेलची धास्ती बाळगायचो.

पहिली कल्पना सगळ्यांची सारखीच होती: सगळ्यात देखणी चित्रं निवडायची आणि दोन-दोन पानांवर पसरून छापायची. माझ्या कपाटात अशी पुस्तकं पुष्कळ आहेत. धुक्यातून पुढे येणारं सैन्य, पेटलेलं बंदर, टेकडीवरून शहराकडे पाठमोरा बघणारा सेनापती. बघायला छान वाटतं. पण चित्रं काढायला बसल्यावर मी ज्या पानांकडे परत परत गेले ती वेगळी होती. एका कोपऱ्यात बोटभर उंचीच्या बारा काळ्या आकृत्या, त्यातल्या अकरांवर फुली. एखाद्या शिरस्त्राणाच्या चार बाजू आणि शेजारी बाणाने लिहिलेलं, 'हा पट्टा कातडी, धातू नको'. अशी पानं या पुस्तकांत कमी असतात आणि लहान छापलेली असतात. माझ्या पुस्तकात ती मोठी असतील एवढं मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. आर्ट डायरेक्टर म्हणाला, "विकत कोण घेणार?" मी म्हटलं, "मी घेईन." त्यावर तो हसला आणि तेवढ्यावर मान्यता मिळाली असं मी धरून चालले.

कॉन्सेप्ट आर्ट हे मुळात प्रेक्षकासाठी काढलेलं चित्र नसतंच. थ्रीडी मॉडेल करणाऱ्या माणसाला दिलेलं ते उत्तर असतं: हा खांदा कुठे संपतो, चिलखत कुठे वाकतं, पाठीमागून काय दिसतं. प्रेक्षकासाठी काढतात ते की आर्ट, म्हणजे मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत जातं ते. दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी बसतात, त्यामुळे वाचकाला ती एकाच जातीची वाटतात.

त्यात स्ट्रॅटेजी गेमची गोष्ट आणखी निराळी. साहसी गेममध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे असतो. शिवण, गंज, जखम, सगळं दिसतं. आमचा कॅमेरा आभाळात. नेहमीच्या उंचीवरून एक सैनिक पडद्यावर जेमतेम तीस पिक्सेलचा, आणि असे दोन-तीन हजार एकाच वेळी. खेळणाऱ्याने कर्सर नेण्याआधी त्याला कळायला हवं की हे भालेवाले आहेत, ते भालाफेके आहेत, आणि डावीकडचे आपले नाहीत. म्हणून या गेमांत प्रमाणं सर्रास मोडलेली असतात. १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मधला किल्ला खऱ्या किल्ल्याच्या मानाने खेळणं वाटावा इतका लहान आहे आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण तो किल्ला आहे हे लगेच कळतं. ऐतिहासिक गेममध्ये या गरजेच्या समोर पुरावा उभा असतो. आमच्या पुस्तकाचं खरं कथानक हेच आहे, हे मला फोल्डर चाळताना हळूहळू स्पष्ट होत गेलं.

फोल्डरबद्दल जास्त बोलत नाही. 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल नवा खरंच' ही नावं सगळ्यांच्या ओळखीची असतील. मी तारखेप्रमाणे लावायचा विचार सोडला आणि प्रश्नांप्रमाणे ढीग केले. ढिगाला नाव विषयाचं दिलं नाही, अडचणीचं दिलं: 'वरून कळत नाही', 'पुरावा नाही', 'दोघे सारखे दिसतात', 'सरांनी नाकारलं'. पुढे हीच नावं, जराशी सभ्य करून, प्रकरणांची शीर्षकं झाली.

सुरुवात रोमन पायदळाने केली, कारण तिथे पॉलिबिअस हाताशी होता. हा ग्रीक इतिहासकार युद्धानंतर काही दशकांनी लिहीत होता आणि त्याच्या सहाव्या खंडात रोमन सैनिकाच्या अंगावर काय काय असायचं याचं वर्णन आहे. वेलिटेस म्हणजे सगळ्यात तरुण आणि गरीब, पुढे पळत जाऊन भाले फेकणारे. त्यांची ढाल गोल, तीन फूट व्यासाची. शिरस्त्राण साधं, आणि त्यावर कधीकधी लांडग्याचं कातडं. कशासाठी? संरक्षणासाठी, आणि आपल्या अधिकाऱ्यांना आपण दुरून ओळखू यावं, कोण शूरपणे लढतो ते त्यांना दिसावं म्हणूनही. हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. आभाळातल्या कॅमेऱ्याची जी अडचण आमची, तीच दोन हजार वर्षांपूर्वी टेकडीवर घोड्यावर बसलेल्या अधिकाऱ्याची होती, आणि त्या लोकांनी ती आमच्याच पद्धतीने सोडवली होती: डोक्याचा आकार बदलून.

तिथून आमची पद्धत ठरली. आधी सिलुएट, म्हणजे आतला सगळा तपशील पुसून उरलेला काळा आकार. एका पानावर वीस-पंचवीस काढायचे, मग ते पान लहान करत करत प्रत्येक आकृती तीस पिक्सेलवर आणायची आणि खुर्ची मागे सरकवून बघायचं. जे ओळखू येतात ते ठेवायचे. वेलिटेस लगेच उत्तीर्ण झाले. कातड्याचे दोन कान पुरले. हास्ताती आणि प्रिंकिपेस या पुढच्या दोन फळ्यांनी मात्र छळलं. दोघांकडे तीच लांब ढाल, तेच फेकायचे भाले (पिलुम), तीच तलवार. पॉलिबिअसच्या म्हणण्याप्रमाणे ऐपत असलेल्यांच्या अंगावर कड्यांचं चिलखत आणि बाकीच्यांच्या छातीवर वीतभर चौकोनी पितळी पत्रा. हा फरक दोन फळ्यांमधला नाही, श्रीमंत आणि गरीब यांच्यातला आहे. आम्ही तो फळ्यांवर ढकलला: पुढच्या फळीत पत्रे जास्त, मागच्या फळीत चिलखतं जास्त. सरांचं उत्तर एका ओळीचं आलं, "शक्य आहे, सिद्ध नाही." ती ओळ मी पुस्तकात जशीच्या तशी छापली आहे.

शिरस्त्राणावरच्या पिसांची गोष्ट मला जास्त आवडते. जांभळी किंवा काळी तीन पिसं, सरळ उभी, सुमारे हातभर उंच. पॉलिबिअस म्हणतो की त्यामुळे माणूस दुप्पट उंच दिसतो आणि शत्रूला धडकी भरते. समोरून बघणाऱ्या शत्रूला हे लागू आहे. वरून बघणाऱ्याला उभं पीस म्हणजे एक ठिपका. मी पिसं थोडी मागे कलती केली, रुंदी दुपटीहून जास्त वाढवली, आणि मगच ती रांग वरून रांगेसारखी दिसू लागली. पुस्तकात दोन्ही रेखाटनं शेजारी आहेत: वर्णनाबरहुकूम काढलेलं आणि गेममध्ये गेलेलं. दुसरं पहिल्याच्या शेजारी थोडं विनोदी दिसतं. ते लपवू नकोस, असं नकाशावाली सहकारी म्हणाली. पटलं.

तिसऱ्या फळीतले त्रिआरी, अनुभवी म्हातारे, सोपे निघाले ते रोमन इतिहासकार लिव्हीमुळे. तो सांगतो की आपली पाळी येईपर्यंत ते एक गुडघा टेकून बसत, डावा पाय पुढे, ढाल खांद्याला टेकवलेली, भाला तिरका रोवलेला. आम्ही त्यांची स्वस्थ बसण्याची मुद्रा तीच ठेवली. अख्ख्या रणांगणावर बसलेले फक्त तेच. वेषभूषेला हातही न लावता प्रश्न मिटला.

आता लिबियन.

कॅनीची लढाई, इ.स.पू. २१६. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याची मांडणी प्रसिद्ध आहे: मध्यभागी गॉल टोळ्यांचं आणि स्पेनमधल्या आयबेरियनांचं पायदळ, रोमनांच्या दिशेने पुढे फुगवलेलं, आणि दोन्ही बाजूंना लिबियन, म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं, पायदळ. मधला भाग दबत दबत मागे जातो, रोमन आत शिरतात, बाजूचे लिबियन आत वळतात आणि रोमन पिशवीत अडकतात. मध्यभाग रंगवायला मेजवानी होती. पॉलिबिअस सांगतो की गॉल उघड्या अंगाने लढले आणि आयबेरियनांच्या अंगात जांभळ्या काठाचे आखूड लिननचे अंगरखे होते. आळीपाळीने लावलेल्या या तुकड्या तीस पिक्सेलवरही पट्ट्यापट्ट्यांसारख्या वेगळ्या दिसतात. पण लिबियन? आधीच्या लढायांत, विशेषतः ट्रॅसिमीन सरोवराजवळ, रोमनांकडून लुटलेली उत्तमोत्तम शस्त्रं हॅनिबलने त्यांना वाटली होती. लिव्ही तर म्हणतो की त्यांच्याकडे बघून रोमन फळीच वाटावी.

म्हणजे निर्णायक क्षणी, सगळ्यात महत्त्वाची तुकडी, पुराव्याप्रमाणे काढली तर शत्रूसारखीच दिसणार. स्ट्रॅटेजी गेमसाठी यापेक्षा वाईट बातमी नसेल.

आमच्यात तट पडले. गेम डिझाइन करणारा म्हणाला, पुरावा विसरा, त्यांना ग्रीक पद्धतीची गोल ढाल आणि लांब भाला द्या, गेमच्या पहिल्या अध्यायात ते तसेच आहेत. सर म्हणाले, कॅनीचा अर्थच त्यात आहे, रोमन सैनिकाला आपल्याच ढाली आपल्या अंगावर येताना दिसल्या. आर्ट डायरेक्टर बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने मला दोन्ही टोकं काढून आणायला सांगितली. काढली. पूर्ण रोमन वेषातले लिबियन खेळून बघणाऱ्यांना दिले तर त्यांनी आपल्याच सैन्याला माघारीचा हुकूम दिला. पूर्ण ग्रीक वेषातले दिले तर खेळ सुरळीत झाला आणि कॅनी ही कुठलीही लढाई झाली.

मधली वाट सापडायला पुष्कळ कागद गेला. शेवटी ठरलं ते असं. ढाल रोमनच, चिलखतही रोमन. पिसं नाहीत, म्हणजे रांगेचा वरचा काठ सपाट. अंगरखा वेगळा, आणि ढालींवर एकच रंग नाही: लुटीचा माल असल्याने तीन-चार वेगवेगळ्या रंगांच्या ढाली एका तुकडीत मिसळलेल्या. रोमन तुकडी वरून एकरंगी ठोकळा दिसते आणि ही ठिगळं लावलेली. शिवाय निशाण. कार्थेजच्या नाण्यांवर घोडा आणि ताडासारखं झाड वारंवार येतं, ते आम्ही निशाणावर घेतलं आणि निशाण धरणाऱ्याला रांगेच्या एका टोकाला उभं केलं. जवळ गेलं की गोंधळ व्हावा, वरून होऊ नये, असा हा तोडगा. माझ्या मते गेममधला सगळ्यात चांगला निर्णय. त्याला पुस्तकात सहा पानं दिली आहेत, फेटाळलेल्या सगळ्या आकृत्यांसकट. त्यात एकही देखणं चित्र नाही.

शहरांचं प्रकरण माझ्या सहकाऱ्याचं, त्यामुळे मी फक्त निवड केली. त्याची अडचण उलट्या जातीची होती. खेळणाऱ्याच्या मनात रोम म्हणजे पांढराशुभ्र संगमरवर आणि कलोसिअम. कलोसिअम इ.स. ८० चं. हॅनिबलच्या वेळचं रोम म्हणजे टफ या पिवळसर ज्वालामुखी दगडाची तटबंदी, लाकूड, विटा, आणि खोल वळचणींची देवळं, ज्यांच्या छपरांवर रंगवलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती. त्याने तसं शहर काढलं आणि ते गेममध्ये गेलं तेव्हा चाचणीत पहिला शेरा आला: "हे रोम वाटत नाही." आम्ही शहर बदललं नाही. वरून ओळख पटावी म्हणून कॅपिटोलाइन टेकडीवरचं ज्युपिटरचं देऊळ जरा मोठं केलं, एवढंच.

कार्थेजच्या गोल बंदराबाबत मात्र आम्ही उघड उघड पुराव्याच्या विरोधात गेलो. मध्ये बेट, भोवती वर्तुळात जहाजांच्या खोल्या; प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन २२० जहाजांची सोय सांगतो. वरून बघायला इतकी सुंदर रचना प्राचीन जगात दुसरी मिळायची नाही. पण उत्खननात मिळालेल्या अवशेषांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, म्हणजे आमच्या युद्धानंतरचा निघतो. सहकारी म्हणाला, "हे बंदर नसेल तर कार्थेज कुठल्याही किनाऱ्यासारखं दिसेल." सर म्हणाले, "ठेवा, पण लिहा." लिहिलं.

इतर गेमांनी या रस्सीखेचीत काय केलं ते मी या काळात बारकाईने बघत होते. २००४ च्या 'रोम: टोटल वॉर' मध्ये टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजघराण्याच्या इजिप्तला कित्येक शतकं जुना, फेरोंच्या काळातला पोशाख चढवलेला आहे. अभ्यासकांना तो अजून खुपतो, पण वरून बघताना इजिप्त कुठलं हे कुणाला विचारावं लागत नाही. दुसरा रस्ता म्हणजे त्या काळाच्या चित्रभाषेतच बोलणं. 'शोगुन २' (२०११) जपानी लाकडी ठशांच्या चित्रांकडे गेला. 'रोम २' (२०१३) ने युनिट कार्डांवर, म्हणजे तुकडी दाखवणाऱ्या लहान चित्रांवर, ग्रीक मातीच्या भांड्यांवरच्या काळ्या आकृत्या आणल्या. बऱ्याच खेळाडूंना त्या सगळ्या सारख्याच दिसल्या, ही तक्रार मला रास्त वाटते, तरी कल्पना सुरेख होती. 'एज ऑफ एम्पायर्स ४' (२०२१) मध्ये इमारत बांधली जात असताना सोनेरी रेषांची आकृती उभी राहते, मध्ययुगीन हस्तलिखितांच्या सोनेरी सजावटीची आठवण करून देणारी. हे सगळे पडद्यावरचे निर्णय आहेत. पुस्तकात त्यांच्यामागची भांडणं छापलेली बघायला मिळाली तर मी पानाला पान लावून वाचेन.

मुखपृष्ठावरून खटका उडाला. जाहिरातीचं काम करणाऱ्या बाहेरच्या मंडळींना कॅनीच्या रणात हत्ती हवे होते. हॅनिबल म्हटलं की हत्ती, हे त्यांचं गणित. ऱ्होन नदीपाशी त्याच्याकडे ३७ हत्ती होते. ट्रेबियाच्या लढाईनंतरच्या थंडीत एक सोडून सगळे मेले. पुढच्या वर्षी दलदल ओलांडताना तो त्याच एका हत्तीवर बसला होता आणि तिथेच त्याचा एक डोळा गेला. कॅनीत हत्ती नव्हते. मी दलदलीतल्या त्या एकट्या हत्तीचं चित्र मुखपृष्ठासाठी सुचवलं: चिखल, डोळ्याला फडकं बांधलेला सेनापती, मागे थकलेली माणसं. "फार उदास आहे," असं उत्तर आलं. हो, आहेच उदास. बरीच ओढाताण होऊन मुखपृष्ठावर आल्प्स आले, जिथे हत्ती होते, आणि दलदल आतल्या मुखपृष्ठावर आली. आर्ट डायरेक्टरने हा तह केला. मला तो तेव्हा आवडला नव्हता. छापील प्रत हातात घेतल्यावर आल्प्सचं चित्र बरं दिसतं हे मान्य करते.

यानंतर छपाई. पडद्यासाठी काढलेलं चित्र आणि कागद यांचं जमत नाही, हे ऐकून होते. किती जमत नाही ते आता कळलं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. माझी सुरुवातीची रंगचित्रं १९२० बाय १०८० ची, म्हणजे कागदावर ६.४ बाय ३.६ इंच. पसरट पान सोडा, अर्ध्या पानालाही ती पुरेनात. सॉफ्टवेअरने मोठी करून बघितली तर कुंचल्याचे फटकारे मेणासारखे गुळगुळीत झाले. शेवटी ती लहानच छापली, एका पानावर सहा, आणि नंतर त्या पानांची ऐट मला मोठ्या चित्रांपेक्षा आवडली.

रंगांचं दुखणं मोठं होतं. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा चार शाईंचा, आणि झगझगीत निळे-जांभळे रंग त्या चार शाईंतून निघतच नाहीत. आमच्या गेममध्ये कार्थेजचा रंग जांभळाच, फिनिशियन लोकांच्या गोगलगायीपासून काढलेल्या प्रसिद्ध रंगावरून घेतलेला. पहिल्या प्रुफात तो शाई सांडलेल्या खादीसारखा मळकट आला. छापखान्यातले काका म्हणाले, "ताई, हा रंग मशीनला माहीतच नाही." पाचवी खास शाई परवडणारी नव्हती. मग जांभळा आहे तेवढाच ठेवून त्याच्या आजूबाजूचे रंग मी पिवळट-करडे केले. शेजार बदलल्यावर तो उजळ दिसू लागला.

रात्रीच्या चित्राने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. इ.स.पू. २१७ मध्ये रोमन सेनापती फॅबियसच्या वेढ्यातून निसटताना हॅनिबलने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना मशाली बांधून ते रात्री डोंगराच्या सोंडेवर हाकलले. रोमन पहारेकरी त्या उजेडामागे गेले आणि सैन्य खिंडीतून बाहेर पडलं. माझ्या चित्रात तीन-चतुर्थांश भाग अंधार आहे आणि त्या अंधारात माणसं आहेत. पडद्यावर ती दिसतात. प्रुफात सगळा डांबराचा गोळा. चारही शाईंची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कागद ती शोषू शकत नाही, आमच्या कागदाला ती मर्यादा ३०० टक्के होती. अंधाराचे थर एकेक करून उतरवत गेले, खिंडीतल्या सैन्याच्या खांद्यांवर अगदी पुसटशी निळसर कड दिली. ती कड मूळ चित्रात नाही.

आणि घडी. कॅनीचं मोठं चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं, बरोबर मध्यभागी हॅनिबलची फुगवलेली फळी. पुस्तक शिवल्यावर मधला साताठ मिलिमीटर भाग शिवणीत जातो, आणि नेमका तोच भाग जातोय जिथे सगळी लढाई वळते. चित्र डावीकडे सरकवलं तर डाव्या बाजूचे लिबियन कडेला कापले जात होते. कडेला तसंही ३ मिलिमीटर जादा सोडावं लागतं, कापणीत ते उडतं. शेवटी चित्र पुन्हा रचलं: फळीचा फुगवटा पूर्ण डाव्या पानावर, उजव्या पानावर एकीकडचे लिबियन वळताना, आणि शिवणीत जाते ती रोमनांची मधली गर्दी. ती तर तशीही चिरडली जातेय.

पानं मोजताना फर्म्याचं गणित आडवं आलं. सोळा पानांचा एक फर्मा, त्यामुळे वाटेल तेवढी पानं वाढवता येत नाहीत. आम्ही ठरलेले फर्मे पूर्ण भरून पुढच्यात थोडे शिरलो होतो. कमी करायचं की वाढवायचं? वाढवलं, कारण तोवर एक यादी माझ्या डोक्यात घोळत होती.

त्याआधी हक्कांचं एक कटकटीचं काम उरकावं लागलं. घाईत केलेल्या कॉन्सेप्टमध्ये फोटोंचे तुकडे चिकटवून वर रंगवायची पद्धत आहे. टीमच्या आत ते चालतं, छापायला नाही. कुणाच्या कड्याचा फोटो, कुणाच्या ढगाचा. अशी पानं एकतर पुन्हा रंगवली किंवा गाळली. मध्येच टीम सोडून गेलेल्या एका चित्रकाराची घोड्यांची रेखाटनं होती. त्याला विचारून, नाव त्या पानावरच देऊन छापली. शेवटच्या आभारांच्या गर्दीत टाकली नाहीत.

आता ती यादी. चित्रांखालचे मजकूर लिहिताना मी प्रत्येक वेळी एकाच जागी अडखळत होते. 'रोमन ढाल' लिहिलं की वाचकाला वाटणार, हे सगळं माहीत असलेलं आहे. ढालीचा आकार माहीत आहे: इजिप्तमध्ये फायूमजवळ १९०० साली सापडलेली लाकडी ढाल १२८ सेंटिमीटर उंच आहे, बर्चच्या पातळ पट्ट्या तीन थरांत चिकटवून केलेली. पण ढालीवरचं रंगीत चित्र माझं. शिरस्त्राण खरं, अंगरख्याचा लाल हा पुराव्यापेक्षा सवयीचा. लगाम न लावता घोडा हाकणारे उत्तर आफ्रिकेतले नुमिदियन लिव्हीत आहेत, त्यांच्या केसांची ठेवण मी रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरून घेतली, आणि तो स्तंभ तीनशे वर्षांहून अधिक नंतरचा. मग मी एक खूण ठरवली: जिथे अंदाज सुरू होतो तिथे लहान पोकळ वर्तुळ. चित्रावरच, बाणाच्या टोकाला.

जाहिरातवाले नाराज झाले, चित्रांवर डाग दिसतात म्हणाले. सर खूश झाले आणि त्यांनी आणखी बरीच वर्तुळं काढून पाठवली, त्यातली काही माझ्या अत्यंत लाडक्या जागांवर. सगळी घातली. नुमिदियन घोडेस्वाराचं पान तर देवी आल्यासारखं दिसतं. वाढलेल्या फर्म्यात प्रत्येक वर्तुळाची एक ओळ आली: काय माहीत आहे, कुठून, आणि त्यापुढे आम्ही का आणि कसं रेटलं.

सध्या गेमच्या विस्तारभागाचं काम चालू आहे. इ.स.पू. २०२, झामाची लढाई, ऐंशी हत्ती. पहिल्या बैठकीत थ्रीडीवाल्यांनी पुस्तकातली मोठी चित्रं उघडली नाहीत, मागची ती यादी उघडली, आणि विचारलं की हत्तीच्या पाठीवर हौदा होता की नाही ते आधी सांगा. आफ्रिकेतले ते हत्ती लहान चणीचे होते आणि हौद्याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. वरून मात्र हौदा फार छान दिसतो. मी दोन्ही काढायला घेतले आहेत.